भरावातून पाणी पाझरते, धोका आहे का?

प्रश्न : मी बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीत राहतो. कोकणातल्या आमच्या गावी ओढ्याचा पूर अडवण्यासाठी लहान मातीचे धरण बांधले आहे. भिंतीच्या खालच्या बाजूला ओल दिसते. घाबरावे का?

उत्तर : ओल दिसली म्हणजे धरण फुटणार असे नाही. मातीच्या भिंतीतून थोडे पाणी झिरपतेच. झिरपलेल्या पाण्याचा रंग पाहा. ते नितळ आणि रोज तेवढेच असेल, तर नोंद ठेवत राहा. गढूळ होऊन वाढू लागले, तर आतली माती वाहून पोकळी तयार होत आहे. मग तास-दोन तासही महत्त्वाचे ठरतात. आधी खालच्या वस्तीला हलवा, मग तहसील कार्यालयाला फोन.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. (पुढे मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला! बिळांनी भराव पोखरला जातो हे खरे, पण ती बुजवायला माणसेच लागतात.)

सांडवा मोकळा ठेवा, भिंतीवर झाडे वाढू देऊ नका. मुख्य म्हणजे, पूर अडवायचा तर तलाव पावसाआधी रिकामा हवा; भरलेल्या तलावात पुराला जागा उरत नाही. तुमच्या शेजारचे बेळ्ळंदूर तळेही मातीच्या बांधाचेच; सप्टेंबर 2022 मध्ये तिथली तळी भरून वाहिली आणि बाहेरचा रिंगरोड पाण्याखाली गेला.

पावसाळ्यापूर्वी भिंतीची तपासणी करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत जलसंधारण विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.