मोटरसायकलीचें मॅग्नेट आणि दोषाचा शोध

मोटरसायकलीची बॅटरी वरचेवर उतरूं लागली कीं नवी बॅटरी आणणें, हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय होय. वडिलांचे पैसे खर्च होतात, गाडी चार दिवस बरी चालते, आणि एखाद्या रात्रीं कामठी रस्त्यावर दिवा मंद होऊन ती पुन्हा उभी राहते. वस्तुतः बॅटरी वीज उत्पन्न करीत नाहीं, केवळ सांठविते. उत्पन्न करणारें यंत्र निराळेंच असतें आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं.

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें. नागपूरजवळील कोराडीच्या वीजकेंद्रांतील ६६० मेगावॅटचे संच याच तत्त्वावर चालतात. तेथील फिरता भाग, म्हणजे रोटर, वीज देऊन चुंबक केलेला असतो. बहुतेक मोटरसायकलींत मात्र तो कायम चुंबकांचा असतो. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक लोखंडी वाटी बसविलेली असून तिच्या आंतल्या कडेस चुंबकांचे तुकडे चिकटविलेले असतात. कारागीर तिला नुसतें ‘मॅग्नेट’ म्हणतात. तिच्या पोटांतील स्थिर तांब्याची गुंडाळी ती ‘कॉइल’. कॉइलींतील वीज उलटसुलट वाहते. रेक्टिफायर तिला एका दिशेची करून बेताच्या दाबानें बॅटरीस देतो.

परीक्षेस एक मल्टिमीटर पुरे. भरलेली १२ व्होल्टांची बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन जरा वेगानें चालविल्यावर आंकडा १४ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. न चढल्यास प्रथम जोडण्या पाहाव्या. पुष्कळदां काळवंडलेला कनेक्टर हेंच दुखण्याचें मूळ निघतें. (चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे, ती सर्वथा टाळावी, दाब अनावर होऊन नाजूक भाग जळतात.) नंतर इंजिन बंद करून कॉइलच्या तीन तारा सोडवाव्या आणि दोन-दोन तारांमधील रोध मोजावा. तो तिन्ही वेळां अत्यल्प व सारखा यावा, आणि कोणत्याही तारेचा गाडीच्या धातूशीं संबंध नसावा. मग तारा मोकळ्याच ठेवून इंजिन चालवावें व प्रत्यावर्ती विजेचा दाब मोजावा. हें काम जाणत्या माणसासमोरच करावें, कारण दाब ५० व्होल्टांच्याही वर जाऊं शकतो.

खरा विचार येथें लागतो. तिन्ही आंकडे ठीक असतील, तर संशय रेक्टिफायरवर. एकच आंकडा कमी असेल, तर दोष कॉइलच्या त्या भागांत. परंतु तिन्ही सारखेच, पण दुरुस्ती-पुस्तिकेंतील आंकड्याहून फार कमी असतील आणि कॉइल निर्दोष ठरली असेल, तर बोट मॅग्नेटकडे जातें. कारण तिन्ही गुंडाळ्यांस चेतविणारें मॅग्नेट एकच. मोटारगाडींतील रोटर तारेनें गुंडाळलेला असल्यानें त्याचा रोध मोजून निकाल लागतो. येथें ती सोय नाहीं.

मॅग्नेट बिघडतें तें चिकटविलेला तुकडा सुटल्यानें, आघातानें तडकल्यानें, किंवा फार तापून चुंबकत्व क्षीण झाल्यानें. नागपूरच्या मे महिन्यास यांत उगाच बोल लावतात. इंजिनाची आंच त्याहून कितीतरी अधिक असते. वाटी पुलर लावूनच काढावी. हातोडीच्या ठोक्यानें चांगला चुंबकही फुटतो. मग शाळेंतील साधें होकायंत्र आंतल्या कडेनें हळूहळू फिरवावें. सुईचीं टोंकें आळीपाळीनें आंत वळलीं पाहिजेत. जेथें हा क्रम मोडतो, तेथील तुकडा सुटलेला वा निकामी समजावा. तो घरगुती गोंदानें बसवूं नये, नवें मॅग्नेटच आणावें. मिनिटास हजारों फेरे घेणाऱ्या वाटींत तो पुन्हा सरकला, तर कॉइलही ओरबाडून टाकतो.