प्रवासी कोणते विमान निवडतील?



बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाकडे इंदूरहून जायचे म्हटले की घरात चर्चा सुरू होते. थेट विमान महाग. मुंबईत बदलले तर स्वस्त, पण वेळ जास्त. घरी आपण हे अंदाजाने ठरवतो. विमान कंपन्या त्यासाठी ‘लॉजिट’ नावाचे गणित वापरतात. ते आज आपण समजून घेऊ.

समजा, भाड्याच्या दर हजार रुपयांना ०.४, प्रवासाच्या दर तासाला ०.३ आणि विमान बदलण्याला ०.४ गुण वजा होतात. (प्रत्यक्षात हे आकडे प्रवाशांनी पूर्वी केलेल्या निवडींवरून काढतात.)

थेट विमान : ६००० रु., २ तास. गुण –३.०
मुंबईमार्गे : ४५०० रु., ५ तास, एक बदल. गुण –३.७

फरक ०.७ चा. ‘ई’ (सुमारे २.७१८) या संख्येचा ०.७ वा घात जवळजवळ २ येतो. म्हणून थेट विमानाची पसंती दुप्पट : ३०० प्रवाशांपैकी २०० थेट, १०० मुंबईमार्गे. सगळे थेट का जात नाहीत? कारण प्रत्येकाची एखादी अडचण किंवा आवड अशी असते, जी आपल्या हिशेबात आलेली नसते.

याच आकड्यांवरून वेळेची किंमतही कळते. ०.३ भागिले ०.४, म्हणजे तासाला ७५० रुपये.

या पद्धतीचा पाया अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी घातला. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ साली ‘बार्ट’ रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील, असा सरकारी अंदाज होता. मॅकफॅडन यांचे उत्तर ६.३ टक्के होते, प्रत्यक्षात ६.२ टक्के आले! २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेम्स हेकमन यांच्यासह मिळाले.

पण सावधान! आता हैदराबादमार्गे आणखी एक विमान आले; भाडे, वेळ सारे मुंबईमार्गासारखेच. आपले सूत्र सांगते : थेट १५०, बाकी दोन्हींना ७५-७५. हे पटते का? विमान बदलायला तयार असलेलेच १०० जण दोन मार्गांत वाटले जातील. थेट जाणारे आजी-आजोबा मार्ग कशाला बदलतील? सूत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तर कंपनी थेट विमानच बंद करायची आणि वृद्धांची गैरसोय व्हायची. यावर उपाय म्हणजे सारख्या पर्यायांचा आधी एक गट करणे. याला ‘नेस्टेड लॉजिट’ म्हणतात.

म्हणून आम्ही वर्गात नेहमी सांगतो : उत्तर आले की पेन खाली ठेवू नका. ते व्यवहारात बसते का, हे एकदा पाहा.

स्वाध्याय : पहिल्या उदाहरणात मुंबईमार्गाचे भाडे २७५० रुपये झाले, तर ३०० प्रवासी कसे विभागले जातील? उत्तर वहीत सोडवून गणिताच्या शिक्षकांना दाखवावे.