कॅमेऱ्याचा मेनू आणि मालाचा खरा रंग

बाहेरगावचे गिऱ्हाईक फोटो पाहून मागणी देते. फोटोतली हिमरू शाल एका रंगाची आणि पार्सलातली दुसऱ्याच रंगाची निघाली, तर माल परत येतो आणि पतही जाते. म्हणून छोटा डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्या बंधूंनी त्याचा मेनू समजून घ्यावा. उदाहरणादाखल आम्ही कॅनन कंपनीचा २००७ सालचा पॉवरशॉट ए-५७० आयएस घेतो.

१) डायल 'ऑटो'वर असेल तर रंगाचे पर्याय आपल्या हाती राहत नाहीत. तो 'पी'वर ठेवावा.

२) 'फंक्शन' बटण दाबून 'व्हाइट बॅलन्स' निवडावा. पिवळ्या बल्बखाली 'टंगस्टन', उन्हात 'डे लाइट'. 'कस्टम' निवडून त्याच उजेडात पांढरा कागद दाखविला, तर रंग अधिक खरा येतो.

३) 'माय कलर्स'मधील 'व्हिव्हिड' रंग भडक करतो. मालाच्या फोटोसाठी तो बंदच ठेवावा.

४) बारीक नक्षीसाठी फुलाचे चिन्ह असलेले 'मॅक्रो' वापरावे.

सोबतच्या सीडीतील 'झूमब्राउझर ईएक्स'ने फोटो कापता व लहान करता येई. आज दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर चालेल. मात्र मूळ फोटो जपावा आणि कापताना मालातला दोष कापून टाकू नये.

हुजूर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओला भाग वर ठेवावा म्हणजे लोकांना दिसेल, अशी ताकीद त्यांनी विक्रेत्याला दिली. फोटोलाही हाच नियम लागू आहे, असे आम्ही मानतो.