मर्यादित प्रत, पण गिऱ्हाईक कुठे?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. काही वर्षांपूर्वी लास व्हेगसच्या एका गॅलरीतून निसर्गदृश्याचा सहीचा फोटो-प्रिंट ४,००० डॉलरला घेतला. ९५० प्रतींपैकी माझी ४१२वी. आज गॅलरीत तोच प्रिंट ११,००० डॉलरला आहे, पण माझा परत घ्यायला ते तयार नाहीत. बाहेर कोणी १,२०० च्या वर जात नाही. ही फसवणूक आहे का? तोटा करात दाखवता येईल?

उत्तर : ११,००० हा गॅलरीचा विक्रीचा भाव. प्रती संपत आल्या की उरलेल्यांचा दर ती स्वतःच चढवते. तुमच्या प्रतीला तेवढे देणारा कोणी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. खरा भाव कळतो लिलावात. त्या छायाचित्रकाराचे प्रिंट तिथे कितीला गेले ते आधी पाहा. नोंदच सापडली नाही, तर १,२०० ला नाक मुरडू नका.

संख्येवर फार विसंबू नका. छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने ‘मूनराइज’ या आपल्या फोटोच्या हजाराहून अधिक प्रती काढल्या, तरी २००६ मध्ये त्यातली एक सहा लाख डॉलरच्या वर गेली. उलट जोनाथन सोबेल या संग्राहकाकडे छायाचित्रकार विल्यम एगल्स्टनच्या तीनचाकी सायकलच्या फोटोचा, फक्त २० प्रतींतला प्रिंट होता; किंमत अडीच लाख. २०१२ मध्ये एगल्स्टनने तोच फोटो मोठ्या आकारात, डिजिटल तंत्राने छापला आणि क्रिस्टीज या लिलावगृहात तो ५,७८,५०० ला विकला गेला. आपल्या प्रिंटचे मोल घटले म्हणून सोबेल कोर्टात गेले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दावा फेटाळला : आकार आणि तंत्र वेगळे, म्हणून ती नवी आवृत्ती. तेव्हा ९५० चे बंधन फक्त त्याच आकाराला आहे की त्या फोटोलाच, हे तुमच्या प्रमाणपत्रावर वाचा.

‘गुंतवणूक आहे, भाव वाढणारच’ असे गॅलरीने लेखी दिले असेल, तर कागद घेऊन वकिलाकडे जा. नुसत्या तोंडी गोडव्यावर खटला उभा राहणे कठीण, आणि एवढ्या रकमेत वकिलाची फीही निघायची नाही.

कराचे म्हणाल, तर अमेरिकेत घरात लावलेल्या वस्तूचा तोटा वजा होत नाही. प्रिंट निव्वळ गुंतवणूक म्हणून घेतला, हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. दिवाणखान्यात टांगलेला असेल तर अवघडच. वर्षाहून अधिक ठेवून नफा झाला असता, तर मात्र कलावस्तू म्हणून त्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागला असता.

विकायचाच असेल, तर मूळ बिल आणि प्रमाणपत्र सोबत ठेवा आणि लिलावगृहाला देण्यापूर्वी त्यांचे कमिशन, विम्याचा आणि वाहतुकीचा खर्च लेखी मागा. १,२०० मधून ते वजा केल्यावर भिंतीवरच ठेवणे परवडेल, असेही दिसू शकते.