आधी सरकव, मग ठोक

राजा, तुझी नवी खोली दहा बाय बाराची, खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना सिमेंट, आणि त्यात पोटाला चिमटा काढून घेतलेले दोन देखणे स्पीकर. परवा फोनवर म्हणालास, "मावशी, डग्गा नुसता घुमतो आणि गवई लांबून गातोय असं वाटतं, आता अॅम्प्लिफायर बदलू का?" अजिबात नको. तुझ्या अॅम्प्लिफायरचा यात काही दोष नाही. त्या पैशांना हात लावण्याआधी हे सगळं करून बघ. बरंचसं सामान घरातच सापडेल, उरलेलं गादीवाल्याकडे आणि सुताराकडे.

१. सामान लावण्याआधी खोलीत फिरून खणखणीत टाळ्या वाजव — टाळीमागे 'टर्रर्र' असा धातूचा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. त्यातल्या एकीवर काम केलंस तरी पुरतं.

२. टाळीला खर्जातलं काही कळत नाही. त्यासाठी फोनमधल्या टोन जनरेटरचा सूर स्पीकरवर लाव, ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढव आणि जिथे फुगतो किंवा जिथे गायब होतो ते आकडे वहीत लिही — ही वही पुढे प्रत्येक खर्चाआधी उघडायची आहे.

३. फोनच्या माइकवर खर्जाची मोजणी करू नकोस, खुर्चीत बसून कानांनी कर — फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, खालचे सूर तो कमी दाखवतो.

४. खोलीचं गणित एकदा स्वतः मांड : ध्वनी सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. तुझ्या बारा फुटांना येतात ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६, साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९ — शेवटचे दोन एकमेकांना खेटून बसलेत, म्हणून तिथला सूर जास्तच फुगतो.

५. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवू नकोस — ४७ चा सूर बरोबर मध्यावरच मरतो. पाठ भिंतीला टेकवूनही बसू नकोस — तिथे तोच सूर सगळ्यात जास्त फुगतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून बघ.

६. स्पीकर दहा फुटी भिंतीपाशी लाव आणि दोघांना बाजूच्या भिंतींपासून सारखं अंतर दे — एकाशेजारी भिंत आणि दुसऱ्याशेजारी उघडं दार असलं, की गवई मध्यभागी बसत नाही.

आता तुझ्या लांब गेलेल्या गवयाकडे येऊ, कारण मला पहिली शंका इथेच आली. काळी एकचा सा म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. कितीतरी पुरुष गायक याच पट्टीच्या आसपास गातात, आणि त्यांच्या तानपुऱ्याची जोडही तिथेच लावलेली असते. स्पीकरचं तोंड त्याच्या पाठीमागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असलं, तर भिंतीवर जाऊन परतणाऱ्या आवाजाला चार फूट जास्त चालावं लागतं. सुमारे १४१ हर्ट्झला हे चार फूट म्हणजे बरोबर अर्धी लहर. परतलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडते आणि तिला खाते. म्हणजे खोली नेमका षड्जच गिळून बसली आहे! अशा वेळी लाख रुपयांचा अॅम्प्लिफायर आणलास तरी तो षड्ज परत येणार नाही. स्पीकर अर्धा फूट सरकवलास तर येईल.

७. एकच आलाप लावून स्पीकर अर्ध्या अर्ध्या फुटाने मागेपुढे कर आणि प्रत्येक जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण ठेव — दीड फुटावर तो खड्डा १८८ हर्ट्झला जातो, तीन फुटांवर ९४ ला. आपल्या आवडीच्या आवाजाला जिथे कमी बोचेल तिथे थांबायचं. आधी सरकव, मग ठोक.

८. सरकवून झालं, की आरसा. तू खुर्चीत बस, आणि बहिणीला बाजूच्या भिंतीवरून आरसा फिरवायला सांग. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे पेन्सिलीने फुली मार — भिंतीवरून येणारा पहिला आवाज तिथूनच तुझ्या कानात शिरतो. पहिलं पॅनल त्या फुलीवर.

९. पॅनलसाठी ४८ किलो घनतेची, दोन इंच जाडीची रॉकवूलची पाटी घे आणि सुताराकडून चार इंच खोल चौकट करून घे — पॅकिंगचं लाकूडही चालतं, वर कापड येणार असल्याने ते दिसत नाही.

१०. पाटी चौकटीत पुढच्या बाजूला बसव आणि मागे दोन इंच पोकळी सोड — भिंतीला चिकटून हवा हलत नाही, आणि लोकर पकडते ती हलत्या हवेलाच. त्या दोन इंच रिकाम्या जागेला एक पैसा पडत नाही, पण खालच्या सुरांवरचा फरक लगेच ऐकू येतो.

११. कापड विकत घेताना दुकानातच तोंडाला लावून फुंकर मार. मांजरपाट, खादी, गोणपाट, सगळं चालेल, रेक्झिन नको. फुंकर जाते तिथून सूर जातो — फुंकर अडली तर आवाजही कापडावरूनच मागे फिरतो.

१२. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि काम गच्चीवर — तिचे बारीक तंतू त्वचेला आणि घशाला खाजवतात. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नकोस, नाहीतर सगळं घर खाजवत बसेल.

१३. अंड्यांचे ट्रे लावू नकोस, कितीही जणांनी सांगितलं तरी — वरचे थोडे सूर विखुरतात, खर्जाला त्यांचा पत्ताही लागत नाही. शिवाय झुरळांना बिऱ्हाड आणि ठिणगीला सरपण.

१४. इंचभर फोमनेही भिंती मढवू नकोस — तो फक्त वरची चमक खातो आणि घुमणं होतं तसंच राहतं. साधा फोम पेटला तर फार वेगाने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, हे तर मी तुला हात धरून सांगेन. थर्माकोल तर आवाज शोषतच नाही.

१५. खरी मेहनत कोपऱ्यात कर. कोपरा जिंकला त्याने खर्ज जिंकला — खोलीचा प्रत्येक फुगलेला सूर कोपऱ्यात सगळ्यात जास्त दाब देतो. पण १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या जवळपास असते, तिच्यापुढे दोन इंच जाडीचं काय चालणार? तिथे फूटभर तरी भर हवी.

१६. आजीच्या कापसाच्या गाद्या माळ्यावर पडल्या असतील त्या काढ, पिंजून घे, आणि घडी करून कोपऱ्यात जमिनीपासून जमेल तितक्या उंच उभ्या रच — स्वस्तात इतकी जाडी दुसरीकडे मिळत नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर मात्र काढ.

गादी म्हटल्यावर नाक मुरडू नकोस. खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो याचं शास्त्रच गाद्यांवर उभं राहिलं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या वाढवत आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा, आणि सकाळी सगळ्या परत नेऊन ठेवायचा. आजही वास्तुविशारद वापरतात ते सूत्र त्यातून निघालं. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने काय धरलं, तर उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

१७. म्हणून दुपारी ऐकताना खिडकी उघडून एकदा फरक बघ — फुकटात इतकं चांगलं पॅनल मिळत नाही. रात्री मात्र बंद.

१८. स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जाड गालिचा घाल, किंवा सतरंजीखाली दोन गोधड्या — नुसती सतरंजी पातळ पडते, फक्त टोकाचे वरचे सूर पुसते.

१९. खुर्चीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लाव आणि पुस्तकं एका रेषेत न लावता काही आत, काही पुढे ठेव — आवाज विखुरतो, मरत नाही. तुझ्या आईला हा पसारा वाटला तर माझं नाव सांग.

२०. भिंतींचा एक चतुर्थांश भाग झाकला गेला की थांब आणि आठवडाभर नुसतं ऐक — अति झाकलेल्या खोलीत सगळ्यात आधी तानपुऱ्याची जवारी जाते. ती ऐकू येईनाशी झाली, तर एक पॅनल निमूट उतरव.

२१. एका वेळी एकच बदल, तीच चीज, तोच आवाज — दोन गोष्टी एकदम केल्या की गुण कोणाचा ते कधीच कळत नाही.

२२. खर्ज तपासायला फार जुन्या ध्वनिमुद्रिका लावू नकोस — १९२५ च्या आधीचं गाणं भोंग्यासमोर गाऊन घेतलेलं असे, त्यात खालचे सूर जवळजवळ उतरलेलेच नाहीत. ते गाणं जीव ओतून ऐक, पण खोलीची परीक्षा नव्या ध्वनिमुद्रणावर घे.

२३. टोन जनरेटरचा सूर चढवत नेताना खिडकीचे गज, लोखंडी कपाटाचं दार, काचेच्या तसबिरी थरथरतात का ते बघ आणि मागे फेल्टचे तुकडे चिकटव — त्या किणकिणीला आपण उगीच स्पीकरचा दोष समजतो.

२४. आलाप ऐकताना पंखा बंद. खोली आधीच गार करून ठेव — पंख्याच्या घरघरीत मंद्र सप्तकातली बारीक कामं बुडतात, आणि मग तू आवाज वाढवत बसतोस.

२५. या सगळ्याने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडत नाही, हे नीट समजून घे — आवाज बाहेर अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी आणि खाली ब्रशची पट्टी लाव, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा चहाला बोलावून तुझं गाणं ऐकव.

२६. प्रत्येक पॅनल दोन स्क्रूंवर टांग, दुहेरी चिकटपट्टीवर नाही — पावसाळ्यात ओलीने गोंद सुटतो आणि पॅनल रात्री डोक्यावर येतं. स्विचबोर्डावर किंवा वायरींवर काहीही झाकू नकोस.

२७. पावसाळा संपला की गाद्यांना दोन दिवस कडक ऊन दाखव, पॅनलची मागची बाजू हात लावून बघ, आणि कापडावर काळे ठिपके दिसले तर कापड बदल — ओल आधी कोपऱ्यातच धरते, आणि तुझ्या गाद्याही तिथेच उभ्या आहेत.