हेडर संगणकाचे की बोर्डाचे?

प्रश्न : शेतातील हवामानाच्या नोंदींसाठी ६४-बिट आर्म बोर्ड घेतला आहे. त्याचे प्रोग्रॅम घरच्या संगणकावर तयार करणारा क्रॉस-कंपायलर बांधताना संगणकातलेच लिनक्स हेडर चालतील का? आधी कर्नल कॉन्फिगर करावा लागतो का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : दोन्ही शंकांचे उत्तर नकारार्थी आहे, त्यातला दुसरा नकार दिलासा देणारा. कर्नल हेडर म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे कोणती मागणी कशी करावी हे ठरवणाऱ्या व्याख्या. त्या प्रोसेसरनुसार बदलतात : ‘राइट’ या मागणीचा क्रमांक ६४-बिट इंटेलवर १, तर ६४-बिट आर्मवर ६४ आहे. जवळच्याच खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत संकेतप्रक्रियेसाठी वापरलेल्या रोच बोर्डांवर पॉवरपीसी प्रोसेसर असल्याने तेथे हेडरही तिसरेच लागतात.

वाचकांनी कर्नलचा मूळ स्रोत उतरवून ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. तिला कॉन्फिगरेशनची फाइल लागत नाही. ‘आर्क’ या चलात मात्र ‘आर्म६४’ लिहावे, कारण कंपायलरच्या नावातील ‘एआर्क६४’ कर्नलला ओळखता येत नाही, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. हेडर सिसरूटच्या, म्हणजे बोर्डासाठीच्या फाइलींच्या वेगळ्या फोल्डरच्या, ‘यूएसआर’मध्ये ग्लिबसी बांधण्यापूर्वी ठेवावेत.

आवृत्ती बोर्डावरील कर्नलइतकी किंवा त्याहून जुनी निवडणे सुरक्षित, कारण नवा कर्नल जुन्या मागण्या सांभाळतो. उलट दिशेने तशी हमी नसते. कर्नल मॉड्यूल बांधायचे असल्यास मात्र हे हेडर अपुरे पडतात आणि त्याच बोर्डाच्या कॉन्फिगरेशनसह पूर्ण स्रोत लागतो.