विंच बसवू पाहणाऱ्या भाच्यास

कोल्हापूर,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. सुहास यास,

तुझे पत्र पावले. चंदगडच्या काजूच्या बागेकडे जाणारी वाट पावसाळ्याचे चार महिने चिखलाने अडते, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर ऐन वेळी मिळेलच अशी शाश्वती नसते, म्हणून आपल्या जुन्या थारला पुढच्या बाजूस विजेवर चालणारी विंच बसवावी, आणि तीही नामांकित परदेशी कंपनीची न घेता तिच्या किमतीच्या अल्पांशात मिळणारी स्वस्तातली घ्यावी, असा तुझा मनसुबा आहे. त्यावर माझे मत तू मागितले आहेस. तुझा मनसुबा मला मान्य आहे. गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतून उतरणाऱ्या गाडीची विंच दिवसच्या दिवस राबते, तिला स्वस्त यंत्र पुरे पडणार नाही. पण ज्या माणसाला महिन्यातून एखाद-दोन वेळा आपली गाडी ओढ्याच्या काठावरून वर काढायची आहे, त्याने तेवढ्यासाठी मोठी रक्कम गुंतवावी असे मी म्हणणार नाही. मात्र काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, याचे तारतम्य सुटले तर हीच स्वस्ताई जिवावर बेतते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

विंचेच्या सरंजामाचे दोन वर्ग पडतात, हे प्रथम मनात पक्के धर. मोटार, गिअर, रिमोट यांपैकी काही बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते. वेळ जातो, मनस्ताप होतो, फार तर रात्र बागेतल्या खोपीत काढावी लागते. परंतु दोर, हूक, शॅकल, झाडाला गुंडाळायचा पट्टा, विंच जिच्यावर बसते ती प्लेट आणि तिचे बोल्ट, यांपैकी एक जरी ताणाखाली असताना तुटले, तरी तो तुकडा बंदुकीतून सुटल्याप्रमाणे जवळच्या माणसावर जातो. पहिल्या वर्गात काटकसर करण्याची तुला मुभा आहे. दुसऱ्या वर्गात एका रुपयाचीही नाही. विंचेवर वाचवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा या दुसऱ्या वर्गासाठी राखून ठेवणे, हेच स्वस्त विंच घेण्याचे खरे शहाणपण.

आता क्षमतेचा हिशेब. विंचेची ओढ पौंडांत सांगण्याचा शिरस्ता आहे, आणि ती भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या किमान दीडपट असावी असा सर्वमान्य नियम आहे. तुझी गाडी, तू, सोबतीचा गडी आणि काजूची पोती मिळून सव्वादोन टन धरले, तर दीडपट म्हणजे सुमारे ३,३७५ किलो, अर्थात साडेसात हजार पौंडांच्या आतबाहेर. तेव्हा ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोची विंच तुला पुरेशी आहे, आणि याहून मोठी घेऊन गाडीच्या नाकावर उगाच ओझे लादण्यात अर्थ नाही. परंतु हा छापील आकडा ड्रमवरच्या अगदी पहिल्या थराचा असतो, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. ड्रम ६४ मिलिमीटर व्यासाचा आणि दोर ९ मिलिमीटरचा असेल, तर पहिल्या थरावर ओढ ड्रमच्या मध्यापासून सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरवर लागते आणि चौथ्या थरावर तीच साठ मिलिमीटरवर जाते. अंतर वाढले त्या प्रमाणात जोर घटतो, आणि चौथ्या थरावर तुझ्या ९,५०० पौंडांचे जेमतेम साठ टक्के उरतात. म्हणून जवळचे झाड सोडून लांबचे झाड धरावे, दोर अधिक सोडावा, आणि तरीही जोर अपुरा वाटला तर कप्पी लावून दोर गाडीकडे परत आणावा. कप्पीने ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. मात्र कप्पी ज्या झाडाला बांधली त्याच्यावरही दुप्पट भार येतो, आणि परत आलेल्या दोराचे टोक विंचेच्या प्लेटला न अडकवता गाडीच्या चेसिसला बसवलेल्या ओढहुकालाच अडकवावे लागते.

विंच विकत घेण्यापूर्वी कायद्याची बाजू तपासून घे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दाखल्यात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि याच कलमाचा आधार घेऊन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढे लोखंडी बुल बार बसवण्यास मनाई केली. त्या मनाईमागचे कारण विचार करण्याजोगे आहे: असा बार पादचाऱ्याला अधिक इजा करतो आणि एअरबॅग असलेल्या गाडीत धक्क्याची नोंद घेणाऱ्या योजनेत व्यत्यय आणतो. तुझ्या थारला एअरबॅग नसल्या तरी पादचारी आहेतच. म्हणून दिखाऊ लोखंडी बंपराच्या मोहात न पडता मूळ बंपराच्या मागे दडणारी प्लेट कर, नंबरप्लेट झाकली जाऊ देऊ नकोस, आणि परिवहन कार्यालयात व विमा कंपनीत चौकशी करून त्यांचे म्हणणे लेखी घे. तोंडी होकार अपघाताच्या दिवशी कोणाच्याही दफ्तरात सापडत नाही.

बसवणीत सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की दोराला येणारा ताण चेसिसच्या दोन्ही दांड्यांपर्यंत थेट पोहोचला पाहिजे, बंपराच्या पत्र्यावर तो क्षणभरही थांबता कामा नये. बाजारातल्या बहुतेक ९,५०० पौंडी विंचांना १० इंच बाय साडेचार इंच अशा चौकोनात चार बोल्ट लागतात. विंचेच्या खोक्यातले बोल्ट कितीही चकचकीत दिसले तरी बाजूस ठेव आणि डोक्यावर ८.८ हा आकडा ठळक उमटलेले हायटेन्साइल बोल्ट विश्वासाच्या दुकानातून आण. प्लेटच्या कामाला ज्याला चेसिसच्या वेल्डिंगची पारख आहे असाच मेस्त्री पाहा, आणि शक्य तिथे वेल्डिंग टाळून चेसिसवर मुळातच असलेल्या भोकांचा उपयोग करून घे. पुढे चाळीसएक किलोंची भर पडल्यावर गाडीचे नाक किंचित खाली बसेल. पुढच्या टॉर्शन बारची उंची आणि चाकांचे अलाइनमेंट त्यानंतर तपासून घे, आणि रेडिएटरला मिळणारा वारा अडत नाही ना तेही पाहा.

दोर ड्रमवर कोणत्या दिशेने गुंडाळायचा, याबद्दल निष्काळजीपणा करू नकोस. या विंचांचा ब्रेक ड्रमच्या पोटात असतो आणि भार धरून ठेवण्याचे काम तो एकाच दिशेने करतो. दोर ड्रमच्या भलत्या बाजूने सुटत असेल, तर गाडी चढावर अर्धी ओढली गेली असताना बटण सोडताच ती मागे घरंगळू शकते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतले चित्र पाहून, आणि दोर आत घेणारे बटण दाबल्यावर तो खरोखरच ड्रमच्या योग्य बाजूने आत येतो याची खातरजमा करून, मगच पुढचे काम कर.

विजेच्या जोडणीत स्वस्त विंचांचा दोष प्रथम उघडा पडतो. पूर्ण भाराखाली ही मोटार चारशे अँपिअरच्या घरात वीज घेते; गाडीचा आल्टरनेटर फार तर शंभराच्या आसपास देतो, उरलेला सर्व बोजा बॅटरीवर पडतो. म्हणून ओढताना इंजिन चालू हवे आणि बॅटरी निरोगी हवी. तारेची जाडी हिशेबाने ठरव: बॅटरीपासून विंचेपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर तांब्याची तार लागत असेल, तर ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत चारशे अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाया जातात, तेच १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत १.७ व्होल्ट, बारापैकी एवढे तारेतच जळाल्यावर मोटारीने ओढावे कशाने? ऋण तारही चेसिसवर न सोडता थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आण, पत्र्यातून तार जाते तिथे रबराची ग्रोमेट घाल, आणि लग हातोडीने न ठोकता यंत्राने दाबून घे. मोटारीच्या टर्मिनलचा नट आवळताना खालचा पातळ नट एका पान्याने घट्ट धरून ठेव आणि वरचा दुसऱ्या पान्याने फिरव; एकाच पान्याने जोर केला तर टर्मिनलचा खांब आतल्या आत फिरतो, त्याचे इन्सुलेशन दुखावते, आणि नवी कोरी मोटार पहिल्याच दिवशी शॉर्ट होते.

या सर्वांत एक भाग असा आहे की तो वरच्या दोन्ही वर्गांच्या सीमेवर उभा आहे, आणि तो म्हणजे मोटारीचा प्रवाह चालू-बंद करणारा सोलेनॉइड. स्वस्त विंचांतले सोलेनॉइड जड प्रवाहाने आतल्या आत चिकटतात. मग बटण सोडले तरी विंच ओढतच राहते. यावर उपाय एकच: बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये, मोटारीचा पूर्ण प्रवाह सोसेल असा हाताने फिरवून वीज तोडणारा स्विच बसव, आणि तो अशा जागी ठेव की बॉनेट न उघडता एका हालचालीत हात पोहोचेल. काम नसताना तो बंदच असावा. पुढे कधी सवड झाली तर मूळ सोलेनॉइड काढून ऑलब्राइटसारख्या चांगल्या बनावटीचा कॉन्टॅक्टर घाल; पण स्विचाला त्याने पर्याय होत नाही.

आपल्याकडच्या पावसाचा विचार ही विंच बनवणाऱ्यांनी केलेला नसतो. म्हणून बसवण्यापूर्वीच ती बाकावर ठेवून गिअरची बाजू उघड, आतले ग्रीस पुरेसे व सर्व दातांवर आहे ना पाहा, कमी असेल तर चांगले लिथियम ग्रीस भर. ब्रेकच्या भागाला मात्र त्याचा स्पर्शही होऊ देऊ नकोस. मोटारीच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर सिलिकॉनचा पातळ थर दे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला काही मीटर दोर बाहेर-आत करून विंच चालवत जा, कारण न चालवलेली मोटार ओलाव्याने जितकी मरते तितकी ओढण्याने मरत नाही.

दोर तारेचा घ्यावा की कृत्रिम धाग्याचा, असे तू विचारले आहेस. तुटलेला तारेचा दोर साठवलेला ताण घेऊन उसळतो. धाग्याचा दोर हलका असतो आणि तुटला तरी त्या मानाने कमी उसळतो, म्हणून माझा कौल धाग्याच्या दोराकडे आहे. मात्र तो उन्हाने, जांभ्या दगडाच्या कडेने आणि ड्रममधल्या ब्रेकच्या उष्णतेने झिजतो, तेव्हा त्याला गुळगुळीत ॲल्युमिनियमचे तोंड आणि घासणाऱ्या भागावर कापडी बाही हवी. ड्रमवर तारेचे निदान पाच आणि धाग्याचे आठ-दहा वेढे नेहमी शिल्लक राहिले पाहिजेत. दोर धरून ठेवण्याचे काम ते वेढे करतात, टोकाचा स्क्रू नव्हे. आणि नवा दोर ताणाखालीच गुंडाळ: सौम्य चढावर गाडी उभी कर, शिल्लक वेढे सोडून सारा दोर बाहेर काढ, टोक झाडाच्या पट्ट्याला अडकव, आणि ब्रेकवर हलकासा पाय ठेवून गाडी विंचेने वर ओढत ने. असा घट्ट बसलेला दोर पुढे जड ओढीत खालच्या थरांत रुतत नाही.

वापरताना पाळावयाचे नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नाही. दोर झाडाभोवती फिरवून स्वतःवरच अडकवायचा नाही. रुंद पट्टा झाडाच्या बुंध्याशी गुंडाळायचा, म्हणजे झाडही वाचते आणि दोरही. वठलेल्या झाडाला किंवा विजेच्या खांबाला हात लावायचा नाही. शॅकलवर तिची क्षमता कोरलेली असलीच पाहिजे. दोराच्या मध्यावर भिजवलेले गोणपाट टाकावे. ताणलेल्या दोराला ओलांडायचे नाही, त्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, आणि रिमोट धरणाऱ्याखेरीज इतरांनी दोराच्या लांबीहून अधिक दूर जायचे. मिनिटभर ओढावे आणि मग मोटारीला हात लावून पाहावे. बॅटरीतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग तिथे उष्णतेत जात असतो, तेव्हा हात ठेववत नसेल तर ती निवेपर्यंत थांबावे. घाई हा चिखलातला मोठा शत्रू आहे. पुष्कळदा चाकांपुढचा चिखल फावड्याने काढल्याने लागणारा जोर निम्म्यावर येतो आणि दोराला हात लावण्याची गरजच उरत नाही.

सारांश, स्वस्त विंच खुशाल घे. पण शॅकल, पट्टा, दोर, बोल्ट, तार आणि स्विच हे सहा जिन्नस आधी आण, त्यांचे पैसे देऊन जे उरेल त्यातच विंच बसत असेल तर ती या मृगापूर्वी बसव, नाहीतर हा पावसाळा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर काढ. बागेतला गडी तुझ्या शब्दावर कामाला उभा राहणार आहे, त्याच्या घरच्यांना तू जबाबदार आहेस, एवढे ध्यानात ठेवून काम कर. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा